एकशे अठरा स्नॅप

गाडी कार-वॉशच्या पट्ट्यावर चढली. पाटीवर लिहिल्याप्रमाणे गुरुदत्तने ती न्यूट्रलमध्ये टाकली, ब्रेकवरचा पाय काढला, स्टिअरिंग सोडलं, आणि गुलाबी फेसाचा पहिला लोट काचेवर आदळतो न आदळतो तोच मांडीवरचा फोन थरथरला. कॉन्फरन्सची यादी लागली होती. कॉन्फरन्स म्हणजे अमेरिकेत इकडच्या डझनभर विद्यापीठांचा गट. ही विद्यापीठं थंडी पडेपर्यंत दर शनिवारी एकमेकांशी फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल, खेळतात, आणि डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी पत्रकारांच्या मतांनी प्रत्येक जागेचे सर्वोत्तम खेळाडू ठरतात. पहिली टीम, दुसरी टीम, तिसरी टीम. गुरुदत्तने बडी नावं अंगठ्याने भराभर वर ढकलली, कारण त्याला हवी होती ती जागा यादीत सगळ्यात खाली असते. लाँग स्नॅपर. तीन नावं होती. त्यांत त्याचा मुलगा, सुमंत चौगुले, नव्हता. त्याखाली बारीक अक्षरांत 'उल्लेखनीय' म्हणून आणखी चार नावं होती, ती त्याने दोनदा वाचली. त्यांतही नव्हता. बाहेर चिंध्यांचे मोठाले झुबके काचांवर थपडा मारत होते, आत अंधारून आलं होतं, गाडी आपली आपण हात-हातभर पुढे सरकत होती. गेले तीन महिने देव पाण्यात घालून बसलेला हा साठीचा माणूस तसाच बसून राहिला. उतरता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं. डाव्या कानात बारीक शिटी वाजायला लागली.

लाँग स्नॅपर म्हणजे काय, हे कॅरी गावातल्या मराठी मंडळाच्या लोकांना सांगताना त्याच्या तोंडाला फेस यायचा. खाली वाकायचं, दोन्ही हातांत चेंडू धरायचा, स्वतःच्याच पायांमधून उलटं बघायचं, आणि पंधरा यार्ड मागे उभ्या असलेल्या पंटरच्या बरोब्बर उजव्या कमरेपाशी तो फेकायचा, पाऊण सेकंदाच्या आत. हा झाला एक स्नॅप. आणि डोकं वर काढायच्या आधी समोरचा तीनशे पौंडांचा गडी अंगावर घ्यायचा. पंटर म्हणजे लाथ मारून चेंडू लांब घालवणारा. पण गणपतीच्या जेवणात 'पंटर' शब्द काढल्याबरोबर सगळे फिदीफिदी हसले होते. म्हणजे भाईचा माणूस का हो, असं नागपूरकडच्या एका रिटायर्ड डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या बायकोने, सुनेत्राने, तर कहर केला. "एवढंच काम? बॉल मागे टाकायचा? आणि त्याच्यावर स्कॉलरशिप देतात?" या बाईंचा मुलगा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे दिवसभर मीटिंगमध्ये मान डोलावणार, आणि त्याचं कौतुक मात्र पाटावर बसवून. गुरुदत्तने श्रीखंडाची वाटी पुढे ओढली आणि मनातल्या मनात त्या सगळ्या पंगतीला नापास करून टाकलं. लोकांना नापास करणं त्याला लहानपणापासून सोपं जात आलं होतं.

बोगद्याच्या तोंडाशी गरम हवेचे पंखे गाडीवर घोंघावले, थेंब काचेवरून वेडेवाकडे पळाले आणि एकदम लख्ख ऊन आलं. पट्ट्यावरून उतरून त्याने गाडी कडेला लावली. टीमच्या चाहत्यांच्या ऑनलाइन फोरमवर कुणीतरी एक लिंक टाकली होती. इथल्या पेपरात फुटबॉलवर लिहिणारा एक जण होता, त्याला या यादीसाठी मत द्यायचा अधिकार होता, आणि आपण कुणाला मत दिलं नि का दिलं हे त्याने फुशारकीने छापलं होतं. अगदी शेवटी स्नॅपरबद्दल चार ओळी होत्या. आपल्या गावच्या मुलाला मत द्यायची माझी फार इच्छा होती, असं त्याने म्हटलं होतं. पण 'साउथ एंड झोन' फोरमवर न्यूट्रलऑब्झर्व्हर नावाचे एक जाणकार गृहस्थ आहेत, त्यांनी चौगुलेचे या मोसमातले एकशे अठराच्या एकशे अठरा स्नॅप एकेक करून तपासलेत आणि त्यांतले अकरा जागेवर पडलेले नाहीत. इतकं बारकाईने आम्ही पत्रकारही पाहत नाही. गुरुदत्तने ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते. न्यूट्रलऑब्झर्व्हर म्हणजे तोच होता.

तर आता हा फोरम. चार-पाचशे रिकामटेकड्यांचा चव्हाटा. कुणी ट्रक विकणारा, कुणी इन्शुरन्सवाला, कुणी नुसताच गॅरेजमध्ये बिअर घेऊन बसलेला; चेंडूला हात लावून यांना तीस-तीस वर्षं झालेली, जिना चढताना धाप लागते, आणि बोलणं मात्र असं की कोच यांना विचारल्याशिवाय नाश्ता करत नाही. बिगडॅडी७७, टेलगेटटॉम, असली नावं. एक कंपनी आहे, ती प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक हालचालीला गुण देते आणि शनिवारच्या सामन्याची शंभरपैकी ग्रेड रविवारी दुपारी बाहेर काढते. आपल्या पोराची ग्रेड चौऱ्याऐंशी आली की ती कंपनी म्हणजे ब्रह्मवाक्य. एकसष्ट आली की हे कोण टिकोजीराव लागून गेले, आम्हाला डोळे नाहीत का. आमच्या लेफ्ट टॅकलला, म्हणजे डाव्या बाजूने समोरच्यांना अडवणाऱ्या गड्याला, ८४.२ असून दुसऱ्या टीममध्ये टाकलं आणि त्यांच्या त्या ६२ वाल्याला पहिल्या टीममध्ये, का, तर ते अकरा सामने जिंकले म्हणून. यावर मागच्या वर्षी एकोणीस पानं भांडण चाललं होतं. गुरुदत्त ती एकोणीसच्या एकोणीस पानं वाचत बसला होता आणि त्याच्या अंगाची आग आग झाली होती. तीस वर्षं त्याने रिसर्च ट्रँगलमधल्या एका औषध कंपनीत गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते हे मोजलं होतं. अर्धा टक्का इकडचं तिकडे झालं तर लाखभर गोळ्या कचऱ्यात घालणारा माणूस तो. मोजमाप कशाशी खातात हे या बिनडोकांना शिकवायला हवं, असं त्याला वाटलं. सप्टेंबरात, रिटायर झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, त्याने खातं उघडलं.

पहिली पोस्ट त्याने सुमंतवरच लिहिली होती. भीत भीत, चार वेळा खोडून. हा पोरगा कॉन्फरन्समधला सर्वोत्तम स्नॅपर आहे, शून्य पॉइंट एकाहत्तर सेकंद, चेंडूचं फिरणं पाहा. आणि ते खरं होतं. पाच मिनिटांत टेलगेटटॉमने खाली तीन शब्द टाकले: तू त्याचा बाप? पुढे दात काढणारा चेहरा. गुरुदत्तला आठवतं, स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली होती, कानशिलं तापली होती, चोरी पकडल्यासारखं वाटलं होतं. त्याने लिहिलं: नाही. मी फक्त तटस्थ निरीक्षक आहे. झालं. एकदा तटस्थ म्हटल्यावर तसं दिसलंही पाहिजे. पुढच्या शनिवारी सुमंतचा एक स्नॅप पंटरच्या गुडघ्यापाशी गेला, पंटरने तो झेललाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण न्यूट्रलऑब्झर्व्हरने लिहिलं, चौथा स्नॅप, दहापैकी आठ, कट टू मार्क्स, म्हणजे दोन मार्क कापले. खाली चाळीस लाइक पडले. अखेर कुणीतरी कळणारा माणूस आला, असं बिगडॅडी७७ ने लिहिलं. ज्या माणसाला चार दिवसांपूर्वी त्याने गाढव ठरवलं होतं त्याच्या त्या एका ओळीने गुरुदत्तला दिवसभर गुदगुल्या होत राहिल्या, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचीच घृणा वाटली, आणि तरी त्याने ती ओळ पुन्हा काढून वाचली. मग ते अंगवळणी पडलं. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर, गोलपोस्टच्या अगदी मागे, ट्रायपॉड लावून तो प्रत्येक स्नॅप टिपायला लागला. फोरमवरचे दोघे शेजारी येऊन बसायचे, थर्मासमधली कॉफी द्यायचे, त्याला प्रोफेसर म्हणायचे. खाली मैदानात पंचेचाळीस नंबरचा मुलगा वाकलेला असायचा आणि वर त्याचा बाप अनोळखी माणसांना सांगायचा, या पोराचं मनगट डावीकडे झुकतं.

गुरुदत्तच्या वडिलांनीही असंच केलं होतं. इचलकरंजीला ते गणित शिकवायचे, त्याच शाळेत गुरुदत्त नववीत. सहामाहीचे पेपर घरी सतरंजीवर पसरून तपासायचे, लाल पेन, मांडीखाली उशी. गुरुदत्तने भूमितीच्या उत्तरापुढे चौरस सेंटिमीटर लिहिलं नव्हतं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी लिहिलं नव्हतं. बाकीच्यांना त्यांनी सोडून दिलं आणि याचे दोन मार्क कापले. हा एका मार्काने दुसरा आला. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर वडिलांची पाठ थोपटली, पोटच्या पोराचीही गय केली नाही म्हणून, आणि ती गोष्ट गावात चार वर्षं सांगितली गेली. गुरुदत्तही ती सांगत आला. अमेरिकेत आल्यावर लॅबमधल्या पोरांना सांगितली, सुमेधाला लग्न ठरताना सांगितली, सुमंतला तर तो दुसरीत असल्यापासून. सांगताना छाती फुगवून सांगायचा. खरं म्हणाल तर त्या दिवशी त्याला रडू आलं होतं, आणि ते त्याने शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन उरकून घेतलं होतं, पण तेवढा भाग त्याने कधी कुणाला सांगितला नाही. वडिलांनी तर नंतर विषयही काढला नाही. त्या रात्री त्यांनी त्याला आपल्या ताटातलं थालीपीठ दिलं. पाठ थोपटून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बापाचं नव्हतं, ते कुणा तिऱ्हाइताचं होतं, एवढं गुरुदत्तला आत्ता व्हॅक्यूमच्या नळीशेजारी उभ्या गाडीत स्पष्ट दिसलं. मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा त्याने गाडी काढली.

घरी सुमेधा डायनिंग टेबलाशी बसली होती. मंगळवारी ती घरून काम करते. लॅपटॉप उघडा होता पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्यासमोर फोन पालथा ठेवलेला होता. त्याने चपला काढल्या, पाणी प्यायला, ग्लास धुतला, पुसला.

"यादी बघितलीस?" तो म्हणाला.

"बघितली. आणि त्या पेपरवाल्याचंही वाचलं." तिने फोन सुलटा केला आणि त्याच्याकडे सरकवला. सुमंतचा मेसेज होता. टेल बाबा इट वॉज फोर्टीन, नॉट इलेव्हन. ही मिस्ड थ्री इन द रेन गेम.

गुरुदत्त खुर्चीवर बसला. पावसातल्या सामन्यात कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी होतं, हे त्याला आठवलं. पहिल्यांदा तेच आठवलं, आणि त्याची लाज नंतर वाटली.

"त्याला कसं कळलं?"

"ऑक्टोबरपासून माहीत आहे त्याला. मला म्हणाला, आई, नोबडी इन धिस कंट्री सेज कट टू मार्क्स. इथे पॉइंट काढतात. मार्क कापतो तो फक्त आपला बाबा." सुमेधा हसली नाही. "इतकी वर्षं इथे काढलीस, पण तो शब्द काही तुला बदलता आला नाही."

"मग मला बोलली का नाहीस तू?"

"तो नको म्हणाला. लेट हिम बी, ही इज हॅविंग फन, असं म्हणाला."

गेले सहा आठवडे सुमंत त्याचे फोन घेत नव्हता. प्रॅक्टिस आहे, मीटिंग आहे, फिजिओ आहे. गुरुदत्तने ते खरं मानलं होतं, कारण खरं मानणं सोयीचं होतं, आणि तेवढा वेळ मिळाला की त्याचे तक्ते पुरे व्हायचे. "माझ्या त्या तक्त्यामुळे त्याचं नाव गेलं," तो म्हणाला. "मीच घालवलं."

"नाव गेलं खड्ड्यात, गुरू. मार्कांचं त्याला काही नाही, तो स्वतः तुझ्याहून कडक आहे. तू अकरा म्हणालास, तो चौदा म्हणतो. पण त्या कुणा टॉमने विचारलं, तू त्याचा बाप का, आणि तू नाही म्हणालास. ते वाचलंय त्याने. ते अजून आहे तिथे." तिने लॅपटॉप मिटला. "मी त्याला म्हटलं, बाबांचा एक फोन घे. तर म्हणतो, न्यूट्रल माणसाशी मी काय बोलू?"

ती उठून वर गेली. जिन्यावरची तिची पावलं संपल्यावर त्याने स्वतःचा लॅपटॉप काढून फोरम उघडला. यादीवरून तिथे आधीच धुमश्चक्री माजली होती. सहा पानं झाली होती. लेफ्ट टॅकल पुन्हा दुसऱ्या टीममध्ये. त्याची ग्रेड, त्यांची ग्रेड, पत्रकार विकले गेलेत, पत्रकार आंधळे आहेत. स्नॅपरबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, प्रोफेसरने आधीच सांगितलं होतं ना, पोरगं तेवढं नाही. त्याखाली बत्तीस लाइक. गुरुदत्तला त्या बत्तीस जणांची एकदम किळस आली. यांतल्या एकानेही आयुष्यात एक स्नॅप नीट पाहिलेला नव्हता. त्यांनी फक्त त्याचा आकडा उचलला होता आणि शहाणे झाले होते. आणि आकडा देणारा कोण, तर चाळीस लाइकांसाठी पोराला नाकारणारा. त्या सगळ्या नगांमध्ये पहिला नंबर द्यायचा तर तो कुणाला, हे त्याला नीट कळत होतं. त्याने लिहायला सुरुवात केली. खोडाखोड केली नाही. मी सुमंत चौगुलेचा बाप आहे. सप्टेंबरात मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. माझा तक्ता खरा आहे, पण असा तक्ता मी दुसऱ्या कुठल्याही स्नॅपरचा केलेला नाही, त्यामुळे तो कवडीमोलाचा आहे. बाकीच्यांचे एकशे अठरा कुणी मोजलेत? तो कॉन्फरन्समधला सर्वोत्तम आहे. माझ्यामुळे त्याचं नुकसान झालं. त्याने एंटर दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. कुठेतरी युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये सुमंत फोन काढेल, हे वाचेल, आणि मग काहीतरी होईल, असं त्याला वाटत होतं. काय होईल ते मात्र डोळ्यांसमोर येत नव्हतं.

पहिला आला टेलगेटटॉम. आणि मी त्याची आई, असं त्याने लिहिलं. मग रांगच लागली. मी त्याची आजी. मी तो चेंडू. प्रोफेसर, आज सकाळी सकाळीच बाटली उघडली वाटतं. बिगडॅडी७७ ने गंभीरपणे लिहिलं की, एका तरुण खेळाडूच्या कुटुंबाच्या नावावर असला विनोद करणं त्याला पटत नाही, आणि प्रोफेसरकडून तर ही अपेक्षा नव्हती. त्याला सगळ्यांत जास्त लाइक मिळाले. गुरुदत्त खाली खाली जात वाचत राहिला. मी शेजारी बसतो प्रोफेसरच्या, एकाने लिहिलं होतं, हा माणूस त्या पोरासाठी एकदाही टाळी वाजवत नाही, बाप कसला. हे वाचल्यावर मात्र त्याला पुढचं दिसेना. चष्मा काढून त्याने डोळे मनगटाने पुसले. अर्ध्या तासाने पान उघडेना झालं, आणि त्या जागी फोरमच्या मॉडरेटरचा, म्हणजे तिथल्या राखणदाराचा, निरोप आला. नियम क्रमांक सात: खेळाडूच्या नातेवाइकाची बतावणी करण्यास सक्त मनाई आहे. खातं बंद करण्यात येत आहे. आजची पोस्ट काढून टाकली आहे, जुन्या पोस्ट नियमात बसत असल्याने तशाच राहतील. आपण खरोखरच वडील असाल तर खेळाडूसोबतचा आपला फोटो संध्याकाळी पाचपर्यंत पाठवावा.

म्हणजे 'हो' पुसलं गेलं होतं आणि 'नाही' राहिलं होतं, खाली नाव आणि तारखेसकट. त्याने घाईघाईने फोन काढला. फोटो कसले, रग्गड होते. गेल्या चार वर्षांचे तीनशे चाळीस व्हिडिओ होते, सगळे संथ गतीचे, प्रत्येकाला सामन्याचं आणि स्नॅपचं नाव दिलेलं. सगळ्यांत सुमंतची पाठ. वाकलेली पाठ, पंचेचाळीस आकडा, हेल्मेटचा वरचा गोल, पायांमधून सुटणारा चेंडू. मनगटांचे जवळून घेतलेले साठ-सत्तर फोटो. बुटांचे. हायस्कूलच्या मैदानावरचे, त्यातही पाठ. वाढदिवसाचे होते, पण त्यांत सुमंत आणि केक, सुमंत आणि सुमेधा. फोटो काढणारा हा. शोधता शोधता तो सुमंतच्या मुंजीपर्यंत मागे गेला आणि तिथे एक सापडला, पण त्यात सोवळं नेसलेल्या, चकोट केलेल्या आठ वर्षांच्या पोराकडे बघून कुठला मॉडरेटर त्याला पंचेचाळीस नंबर म्हणणार होता? चार वाजून गेले. तो जिना चढून सुमेधाच्या दारात उभा राहिला.

"माझा आणि सुमंतचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे? युनिफॉर्ममधला. स्टेडियममधला."

तिने वर पाहिलं. "कसा असेल? तू खाली आलास कुठे."

आणि मग ती त्याला सीनिअर डेबद्दल सांगायला लागली, जणू काही तो त्या दिवशी गावालाच गेला होता. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाचं नाव पुकारतात आणि तो आईवडिलांना दोन्ही बाजूंना घेऊन मैदानाच्या मधोमध चालत जातो. पत्र दोघांच्या नावाने आलं होतं. गुरुदत्त म्हणाला होता, तू जा, माझी जागा गेली तर परत मिळायची नाही, ट्रायपॉड लावायला अर्धा तास लागतो. ते अर्धंच खरं होतं. शेजारच्या दोघांनी आपल्याला खाली मैदानात पाहिलं असतं तर प्रोफेसर संपला असता, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. "तिथे नियम आहे, मुलाला एक बाजू रिकामी ठेवून चालू देत नाहीत," सुमेधा सांगत होती. "कुणाचे वडील नसतील तर टीममधलं कुणीतरी सोबत येतं. कोचने विचारलं, वडील यायचेत का, थांबू या का? तर सुमंत म्हणाला, नो, ही इज अप देअर, ही इज वर्किंग. मग तो एर्नेस्टो आला. कपडे धुतो त्यांचे, बूट-बीट सांभाळतो, तीस वर्षं आहे तिथे. फार भला माणूस. त्याने टोपी काढून केस बसवले आणि म्हणाला, मी आलो तर चालेल ना, विचारा तुमच्या नवऱ्याला. मी म्हटलं, चालेल."

गुरुदत्तने तो माणूस पाहिला होता. वरून, कॅमेऱ्याच्या भिंगातून. सुमेधाची मोरपिशी साडी, मध्ये सुमंत, आणि त्याच्या डाव्या हाताला धरून एक ठेंगणा, सावळा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. हा कोण मध्येच कडमडला, असं वाटून त्याने तेव्हा भिंग दुसरीकडे वळवलं होतं, आणि नंतर घरी येऊन विचारायचंही राहून गेलं होतं.

सुमेधाने युनिव्हर्सिटीच्या साइटवरचा फोटो काढून त्याच्यासमोर धरला. सुमंत हसत होता; इतका की डोळे मिटले होते. गुरुदत्तने त्याला असं हसताना कधी पाहिलं असेल हे आठवून पाहिलं. म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तो कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता, पोराच्या तोंडाकडे बघत होता, मान वर करून. फोटोखाली कार्यालयातल्या कुणीतरी यादीतून उचलून छापलं होतं: लाँग स्नॅपर सुमंत चौगुले, आई सुमेधा आणि वडील गुरुदत्त यांच्यासह.

पाचला दहा मिनिटं होती. सोबत खरं काय ते लिहावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण खरं लिहिलं तर पुरावा उरत नव्हता आणि पोस्ट परत येत नव्हती. त्याने फोटो जोडला, एक अक्षरही न लिहिता पाठवला, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिला. तीन मिनिटांत उत्तर आलं. खातं पुन्हा सुरू केलं होतं, सकाळची पोस्ट परत जागेवर ठेवली होती, आणि खाली मॉडरेटरने स्वतःहून दोन ओळी लिहिल्या होत्या. माफ करा मिस्टर चौगुले, नियम आहे म्हणून विचारावं लागलं. तुम्ही बाप आहात हे खरं तर विचारायलाच नको होतं, फोटोत तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय.